मशीनच्या जागेचं भाडं

माझं तोंड वाईट आहे, असं वाडीत सगळे म्हणतात. म्हणू द्या. त्याच तोंडानं माझी मशीन वाचवली, हे मात्र कोणी म्हणत नाही, म्हणून मीच सांगून राहिली.

मशीन म्हणजे शिवणाची, पायानं चालवायची. मी मनकर्णा, झबली-टोपडी शिवते. धंतोलीत बाळंतपणाचे दवाखाने ओळीनं लागले आहेत, अन् गावोगावच्या बाया तिथं बाळंत व्हायले येतात. घाईघाईनं निघतात, लेकरू जन्मते, मग आजीच्या ध्यानात येते का त्याच्या अंगात घालायले काही आणलंच नाही. आजी फाटकाबाहेर येते. तिथं लिंबाखाली माझी टोपली असते. मनकर्णाच्या झबल्याची शिवण लेकराले टोचत नाही, हे नर्सा स्वतः सांगतात.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांच्या पायावर कापडाची गठाण पडली. हे वाडीतच ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल. मांडीचं हाड मोडलं. मालकानं रिक्षात बसवून दिलं, थोडी मजुरी हातावर ठेवली अन् दुसऱ्या दिवशी दुसरा हमाल लावला. धंतोलीतल्या डॉक्टरनं सांगतलं का हाडात सळई घालावी लागते, नाही तं पाय आखूड राहीन. तीनशे रुपये कमी पडत होते. मी मशीन हातगाडीवर घातली अन् मार्तंडरावाच्या घरी नेली.

मार्तंडराव म्हणजे परवान्याचे सावकार. दवाखान्यांच्या गल्लीतच त्यांचं घर. दारावर पाटी, पाटीवर नाव, परवान्याचा नंबर अन् खाली व्याजाचा दर. अशी पाटी लावायचा कायदाच आहे, अन् मार्तंडराव ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं मऊ. मले खुर्ची दिली, पाणी दिलं, पावतीही स्वतः वाचून दाखवली. व्याज सरकारी दरानं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, जागाभाडे.

"हे काय गा भाऊ?" मी विचारलं.

"बाई, व्याज किती घ्यायचं ते सरकारने ठरवून दिलंय," ते म्हणाले. "त्यावर एक पैसा मी घेत नाही. घेतला तर परवाना जाईल. पण तुमची मशीन माझ्या घरात जागा अडवणार. त्या जागेचं भाडं वेगळं. ते व्याज नव्हे."

अन् मले आत नेऊन ती जागा दाखवली. मागं लांबच लांब खोली. फरशीवर ऑइलपेंटनं पिवळे चौकोन आखलेले, प्रत्येकात आकडा. एकात सायकल, एकात सुताराची हत्यारांची पेटी, एकात मोठी मोठी पातेली. माझ्या मशीनले सतरा नंबर भेटला, खिडकीजवळचा. "इथं उजेड आहे, हवा आहे, मशीन चांगली राहील," ते म्हणाले. खिडकीजवळच्या चौकोनाचं भाडं जास्त असते, हे मले घरी आल्यावर समजलं.

भाडं व्याजाच्या तिप्पट होतं. मी हातानं शिवून शिवून जे काही नेऊन देऊ, ते पहिले भाड्यात जमा होई, उरलं तं व्याजात, अन् मुद्दल जिथल्या तिथं. हातशिलाईनं टोपली अर्धीही भरत नव्हती. फाटकाबाहेर आजी येई, टोपलीत पाही अन् निघून जाई. घरी हे पाय लांब करून पडलेले. त्या दिवसांत मले रडू येत नव्हतं, राग येत होता, अन् राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

गणपती बसले त्या आठवड्यात भाडं द्यायले गेली तं एक माणूस माझ्या मशीनवर बसून पायडल मारून पाहत होता. सीताबर्डीवरचा रेडिमेड कपड्याचा दुकानदार. मार्तंडराव म्हणाले, "दिवाळीपर्यंत सोडवली नाहीत तर विकावी लागेल बाई. माझाही नाइलाज आहे." त्या माणसानं पायडल उलटं मारलं अन् धागा तुटला. माझ्या डोक्यात सणक गेली. मी त्याले म्हटलं, ऊठ. तो उठला, पण हसत उठला.

सावकारांवर नजर ठेवणारं सरकारी ऑफिस असते, हे मले एका नर्सनं सांगतलं. तिथं गेली. साहेब मोठ्या पोस्टवरचे, पण माणूस बरा होता. पावती दोनदा वाचली.

"व्याज बरोबर आहे," ते म्हणाले.

"अन् भाडं?"

"भाड्यावर माझा अधिकार चालत नाही. हे व्याजच आहे दुसऱ्या नावानं, ते मलाही दिसतंय. पण सावकार भाडं म्हणतोय, कागदावर भाडं आहे, तुम्हीही भाडं म्हणून भरलंय. तो स्वतः 'हे भाडं नाही' असं म्हणत नाही तोवर ते भाडंच."

"मग साहेब, मी त्याची भाडेकरू झाली ना?"

साहेब हसले. दारातल्या चपराश्यालेही हसू आलं. "झालात म्हणा," साहेब म्हणाले. "आणि भाडेकरूला काढायचं तर भाडे नियंत्रकाची परवानगी लागते. ते ऑफिस वेगळं."

ते गमतीनं बोलले. मी गमतीनं ऐकलं नाही.

घरी येऊन ह्यांले सांगतलं तं हे म्हणाले, "तू गप राह्य ना वं. मोठे लोक आहेत ते, तुले गुंडाळून ठेवतीन."

"गप राहायले काय लागते? तोंड मिटलं का झालं. पण मग मशीन कोण आणून देईन, तुम्ही?"

हे भिंतीकडं तोंड करून झोपले. मी मनात ठरवून टाकलं होतं.

खंडेनवमीले ज्यानं त्यानं आपलं हत्यार पुजायचं असते. मार्तंडरावाकडं त्या दिवशी तारण ठेवणाऱ्यांची रीघ लागे. ते सगळ्यांले आत सोडत. हत्याराले हळदकुंकू लावायले आलेल्या माणसाले दारातून परत लावणं त्यांच्याच्यानंही होत नव्हतं. ताटात चार आणे ठेवावे लागत, तेवढं मात्र ते पाहत. मी मशीन पुसली, तेल घातलं, पट्टा तपासला, चाकाले झेंडूची माळ घातली. शेजारच्या चौकोनात वामनराव सुतार आपल्या रंध्याले कुंकू लावत होता. पलीकडं इंदूबाई आपल्या पातेल्यांपुढं हात जोडून उभी होती. तिची खानावळ, दवाखान्यातल्या लोकांले डबे देई, अन् पातेली इथं अडकल्यापासून निम्मे डबे बंद पडले होते. नवमीले हत्यार चालवत नाहीत. मी मशीनवर हात ठेवून म्हटलं, उद्या येते.

दसऱ्याले सकाळी गेली ते कापडाचं गाठोडं काखेत मारूनच. मार्तंडराव नवा कोट घालून गादीवर बसले होते. मी आपट्याचं पान पुढं केलं, म्हटलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." त्यांनी घेतलं, मलेही दिलं. मी पान पदराले बांधलं अन् सरळ मागच्या खोलीत जाऊन सतरा नंबरच्या चौकोनात स्टुलावर बसली. सुईत धागा ओवला अन् मशीन सुरू केली.

आवाज ऐकून ते आले. "बाई, हे काय चालवलंय?"

"दसरा आहे. आज हत्यार बसवून ठेवू नाही."

"मशीन तारण आहे. तुम्हाला ती वापरता येणार नाही."

"पावतीवर कुठं लिहिलं आहे तसं? मशीन तुमच्या घरात आहे, मी काही घेऊन पळून नाही राहिली. जागेचं भाडं मी भरते. भाड्याच्या जागेत माणूस बसते, काम करते. या पिवळ्या पट्टीच्या बाहेर माझा पाय गेला तं सांगा."

त्यांनी खरंच माझ्या पायांकडं पाहिलं. पाय आतच होते. सणाच्या दिवशी आलेल्या बाईले बाहेर काढणं शोभलं नसतं, म्हणून ते परत गेले. संध्याकाळी उठली तेव्हा गाठोड्यात झबल्यांची चळत होती.

दुसऱ्या दिवशी दार आतून बंद. मी पायरीवर बसली अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले पावती वाचून दाखवायले लागली. मले वाचता येते, चौथी झाली आहे माझी, अन् आवाजही देवानं हात आखडून दिलेला नाही. दार लवकरच उघडलं.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला. मार्तंडरावांनी त्याले चहा पाजला, मग माझ्यापुढं आणून उभं केलं. मी पावती दिली. हवालदारानं टोपी मागं सरकवून ती वाचली. "हे भाड्याचं आहे साहेब," तो म्हणाला. "दिवाणी मामला. आमच्यात येत नाही. अन् बाईनं चालू महिन्याचं भाडं भरलं आहे, तुमचीच सही दिसून राहिली."

मग त्यांनी ह्यांले बोलावणं धाडलं. हे कुबडी टेकत आले. "चंद्रभान, समजाव हिला," मार्तंडराव म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मशीनकडं, मग टोपड्यांच्या ढिगाकडं. "मी घरी समजावून थकलो मालक," हे म्हणाले, अन् पाय सांभाळत खाली बसून टोपड्यांले नाड्या ओवायले लागले. मले एवढं भरून आलं का काय सांगू. पण मी एवढंच म्हटलं, "चौकोनाच्या आत बसा. नाही तं तुमचं भाडं वेगळं लागीन."

मार्तंडरावांच्या घरवाल्या लतिकाबाई रोज आतल्या दारातून पाहत. एक दिवस ते बाहेर गेलेले पाहून त्या आल्या, एक झबलं उचलून शिवणीवरून बोट फिरवलं. त्यांची सून चारुशीला पोटुशी होती. लेकरू जन्मायच्या आधी त्याचे कपडे करत नाहीत, हे त्यांले माहीत अन् मलेही. त्यांनी आपलं मऊ पडलेलं जुनं पातळ माझ्या गाठोड्यात ठेवलं. "आत्ता नको शिवूस. बाळ होऊ दे, मग शिव. तोवर राहू दे तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. मी हाव म्हटलं. बाईशी माझं भांडण नव्हतं.

आता खरी गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा मार्तंडराव स्वतः स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले.

"बाई, हे कुठवर चालणार?"

मी पायडल थांबवलं. "सांगते. उद्या मी भाडे नियंत्रकाच्या ऑफिसात अर्ज टाकते, का माझं भाडं लय आहे, कमी करून द्या. ते तुम्हाले बोलावतीन. तिथं भाडं आहे म्हणाल तं मी भाडेकरू, बसली इथंच, अन् तुम्ही मशीनही विकू शकत नाही अन् मलेही काढू शकत नाही. भाडं नाही म्हणाल तं तुमचं तेच बोलणं घेऊन मी सावकारीच्या साहेबाकडं जाते. भाडं नाही तं मग ते व्याज. सरकारी दराच्या चौपट व्याज. परवान्याचं काय होते ते तुम्हाले माझ्याहून जास्त समजते."

बोलली खरी, पण सगळं ऐकीव होतं. मी काही वकील नव्हती. ते हसून म्हणाले असते, जा कुठं जायचं तिथं, तं मले ऑफिसाचा जिनाही सापडला नसता, अन् मशीन दिवाळीत गेलीच असती.

त्यांनी फरशीवरच्या पिवळ्या पट्टीकडं पाहिलं. मग खिशातून पेन काढलं. "आणा पावती. तुमची भाड्याची ओळ खोडतो. भरलेलं सगळं व्याजात आणि मुद्दलात लावतो. उरतील ते द्या आणि मशीन न्या. पण बाहेर कोणाला बोलायचं नाही. वामनराव, इंदूबाई, कोणालाही नाही."

खोटं काहून सांगू, मी पावती काढली होती. मशीन माझ्या गुडघ्याले लागून होती. उरलेले पैसे याच खिडकीशी बसून कमावलेले, पदरात बांधलेले होते. हातगाडीवाला दवाखान्याच्या फाटकावर उभा असते, एक हाक मारली का झालं. ह्यांनी नाडी ओवणं थांबवलं अन् माझ्याकडं पाहिलं. पलीकडं इंदूबाईची पातेली पालथी ठेवलेली होती, अन् नवमीचं कुंकू अजून त्यांच्यावर होतं.

मी पावती परत कंबरेले खोसली. "मग राहू द्या," मी म्हटलं. "माझं भाडं भरलेलं आहे." अन् पायडल मारलं. सुई बोटात गेली, पण मी मशीन थांबवली नाही.

त्याच दुपारी मी वामनरावाले अन् इंदूबाईले सगळं सांगतलं. मार्तंडरावांनी सांगू नको म्हटलं होतं, ते मी कबूल कुठं केलं होतं? दुसऱ्या दिवशी वामनराव आपल्या चौकोनात बसून लाकडं तासायले लागला, खोलीभर ढलप्या. त्यानं पट्टी सोडली नाही, ढलप्यांनी सोडली. इंदूबाई स्टोव्ह घेऊन आली. तिच्या दोन पातेल्यांपुरता चौकोन, त्यात ती, स्टोव्ह अन् भाजीचं पातेलं, सगळं बसवलं. कांदा परतायले टाकला. भिंतीपलीकडं मार्तंडरावांचं देवघर होतं अन् ते पूजेले बसले होते. समोरच्या खोलीत तारण घेऊन आलेला एक जण आमच्याकडं पाहून विचारायले लागला, का इथं काय चालू आहे. इंदूबाईनं त्याले सांगतलं. तो आपली सायकल घेऊन परत गेला. त्याच्यामागून आणखी एक गेला.

मार्तंडराव पूजेतून उठून सोवळ्यातच आले. दारात उभे राहिले. खोकला आला त्यांले, मिरचीही पडली होती ना फोडणीत.

"सगळ्यांच्या पावत्या आणा," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी गादीवर बसून एकेकाची ओळ खोडली, सही केली. वामनरावाचं तं वर त्यांच्याकडंच थोडं निघालं, तेही त्यांनी दिलं. हिशोबाले माणूस चोख होता, एवढं मी म्हणीन. माझे उरलेले पैसे मी पदर सोडून मोजून ठेवले. पदरात दसऱ्याचं आपट्याचं पान होतं, सुकलेलं, ते परत बांधलं. हातगाडीवर मशीन चढवली तेव्हा लतिकाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्या दिवाळीले टोपली दुपारच्या आत रिकामी होई.

संक्रांतीनंतर एक दिवस वाडीत आमच्या दारापुढं रिक्षा थांबला. मार्तंडराव उतरले. चारुशीलाले मुलगी झाली, हे मले दवाखान्यातून कळलं होतं, अन् लतिकाबाईंच्या पातळाची झबली मी त्याच दिवशी शिवून ठेवली होती. आमची खोली एवढीशी. ह्यांनी बाजेवरून उठून त्यांले बसायले जागा केली, पण ते उभेच राहिले. मी पेटीतून झबली काढून दिली. त्यांनी एक उलटं करून शिवण पाहिली.

"शिलाई किती झाली?"

मी सांगतलं. फाटकाबाहेर घेते तेवढीच. त्यांनी पैसे दिले, पण निघाले नाहीत. पेटीकडं पाहत राहिले. पेटी बाजेच्या पायथ्याशी असते, तिच्यापायी ह्यांले पाय पुरता लांब करता येत नाही.

"कापड एवढे महिने इथंच होतं?" त्यांनी विचारलं.

"हाव. त्या पेटीत."

"मग त्याचे..." ते म्हणाले अन् तिथंच थांबले.

"त्याचे काय?" मी म्हटलं. "पडून होतं कापड. पडल्या कापडाचे कोणी पैसे घेते का?"

त्यांनी मान खाली घातली. झबल्यांची घडी छातीशी धरून ते बाहेर पडले, अन् रिक्षात बसताना त्यांचा पाय पायरीवरून जरा चुकला. रिक्षा अमरावती रोडले लागेपर्यंत मी दारात उभी होती.

"आज लय कमी बोलली वं," हे मागून म्हणाले.

"आज तेवढ्यात भागलं," मी म्हटलं, अन् मशीनवर बसली.